उच्चांकी दराची चिठ्ठी: एका जेनेरिक मर्यादेचं प्रकरण

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे उरकले की दिवाणजींना पहिली घाई असते चिठ्ठीची. आजचा सगळ्यात वरचा दर किती, कोणत्या गावच्या मालाला मिळाला, किती पोती होती. चिठ्ठी दुकानाच्या फळ्यावर लागते आणि तिचा फोटो व्हॉट्सॲपवर गावोगाव फिरतो. उद्या माल कुणाच्या दारात उतरवायचा, हे बरेच शेतकरी त्या फोटोवर ठरवतात. त्यामुळे चिठ्ठी चुकली की पेढीची पत जाते.

हे प्रकरण अशाच एका पेढीचं. नाव घेत नाही, दरांचे आकडेही थोडे बदलले आहेत. विश्रामबागेत आमचं दोन खोल्यांचं ऑफिस आहे आणि त्या पेढीचा प्रोग्रॅम आम्ही सांभाळतो. जावा ही प्रोग्रॅमिंगची भाषा; मूळ प्रोग्रॅम तिच्या 1.4 या आवृत्तीच्या काळातला. कुणी लिहिला ते पेढीवर कुणाला आठवत नाही. पुढे जावाच्या आवृत्त्या बदलल्या, कोड तसाच राहिला. चालतंय तोवर हात लावायचा नाही, असा आमचाही बाणा होता.

एक खुलासा आधीच करतो. खाली कोडच्या ओळी सगळ्या देवनागरीत आहेत. जावाला क्लासचं, म्हणजे एका प्रकारच्या वस्तूंच्या साच्याचं, नाव ‘हळदलॉट’ ठेवलेलं चालतं; कोड तपासून यंत्रासाठी तयार करणारा कंपायलर कुरकुरत नाही. कीवर्ड, म्हणजे भाषेचे राखीव शब्द, मात्र त्याला त्याचेच लागतात. इथे वाचायला बरं पडावं म्हणून तेही मराठी अक्षरांत लिहिले आहेत.

काय मागितलं आणि काय झालं

पेढी हळद आणि बेदाणा दोन्हीची अडत करते. प्रोग्रॅममध्ये दोन्हींचे स्क्रीन वेगळे, चिठ्ठ्याही वेगळ्या. हंगाम तोंडावर आला तेव्हा शेठ म्हणाले, “दोन दोन कागद कशाला? आपल्या हळदीलाबी मानांकन आहे, बेदाण्यालाबी आहे. एकाच चिठ्ठीवर आजचा उच्चांकी सौदा येऊ दे.” वाक्य साधं होतं. आम्ही दोन्ही याद्या एकत्र केल्या आणि सगळ्यात वरच्या दराचा लॉट काढून देणाऱ्या जुन्या ‘सर्वोच्च’ मेथडला (मेथड म्हणजे प्रोग्रॅममधलं एक नेमून दिलेलं काम) दिल्या.

पहिल्याच संध्याकाळी स्क्रीनवर लाल अक्षरं आली: क्लासकास्टएक्सेप्शन, म्हणजे वस्तू तिच्या नसलेल्या प्रकारात बसवू पाहिल्याचा एरर. कारण जुन्या कोडमध्ये होतं. त्यात कंपेरेबल म्हणजे ‘याला तुलना येते’ अशी खूण, आणि कंपेअरटू ही तुलना करणारी मेथड:

क्लास हळदलॉट एक्स्टेंड्स लॉट इम्प्लिमेंट्स कंपेरेबल {
  पब्लिक इंट कंपेअरटू(ऑब्जेक्ट दुसरा) {
    हळदलॉट ह = (हळदलॉट) दुसरा;
    रिटर्न दर.कंपेअरटू(ह.दर);
  }
}

समोर येईल ती वस्तू हळदच असणार, असं धरून ती दामटून हळदलॉटमध्ये कोंबायची; यालाच कास्ट म्हणतात. इतकी वर्षं यादीत खरोखर हळदच असायची, म्हणून निभावलं. आता शेजारी बेदाणा येऊन बसला.

बाहेर हमाल आणि शेतकरी थांबलेले, दिवाणजींचा फोनवर फोन. घाईत जे सुचलं ते केलं: तुलना हळदलॉटमधून उचलून वरच्या लॉट क्लासमध्ये नेली. दर तर दोघांकडेही आहे, मग प्रश्न कुठे राहिला? लाल अक्षरं गेली, चिठ्ठी छापून आली, आम्ही चहा घेतला.

तिसऱ्या दिवशी शेठनी बोलावलं. चिठ्ठी पुढे सरकवली. “सर, बेदाणा 210 नं गेलाय. आणि चिठ्ठीवर हळद कशी?”

चिठ्ठीवर हळद होती, दर 15,400. हळदीचा भाव क्विंटलचा आणि बेदाण्याचा किलोचा असतो, हे सांगलीत शाळकरी पोरालाही माहीत आहे. 210 रुपये किलो म्हणजे 21,000 रुपये क्विंटल. पण प्रोग्रॅम 210 आणि 15,400 हे दोन नुसते आकडे शेजारी ठेवून बघत होता. त्याच्या हिशेबाने हळदीची टाकाऊ कणीसुद्धा उत्तम हिरव्या बेदाण्यावर भारी पडत होती. तीन दिवस चिठ्ठी चुकीची गेली आणि एकही एरर आला नाही.

मला विचाराल तर पहिल्या दिवशीचं कोसळणं परवडलं. त्यात निदान काहीतरी बिनसलंय हे कळलं तरी. लॉट क्लासवर तुलना लिहून आम्ही कंपायलरला लेखी दिलं होतं की कुठलाही लॉट कुठल्याही लॉटशी ताडून बघता येतो. त्यानं आमच्या शब्दावर विश्वास ठेवला.

नुसता टी पुरत नाही

आमच्याकडे नुकतीच लागलेली एक मुलगी आहे. तिला म्हटलं, ही मेथड जेनेरिक करून टाक, प्रकाराच्या जागी ‘टी’ असं मोकळं नाव ठेव, म्हणजे हळदीच्या यादीत हळद आणि बेदाण्याच्या यादीत बेदाणाच राहील. तिनं लिहिलं:

स्टॅटिक <टी> टी सर्वोच्च(लिस्ट<टी> यादी)

आत लूपमध्ये एका लॉटवर कंपेअरटू हाक मारली आणि कंपायलर अडला: असं काही सापडत नाही.

“सर, यादीत हळदलॉट आहेत. हळदलॉटला कंपेअरटू आहे. मग दिसत का नाही?”

“यादीत काय आहे ते तुला ठाऊक. मेथडला फक्त टी ठाऊक.”

शिवलेलं पोतं पाठीवर घेणाऱ्या हमालासारखी गत आहे ती. पोतं उचलता येतं, थप्पीला लावता येतं, मोजता येतं. आत हळद आहे की शेंगा, याच्याशी त्याला घेणं नाही, म्हणूनच तो कुठलंही पोतं उचलतो. पण हळकुंड मोडून आतला रंग बघ म्हटलं, तर शिवलेल्या पोत्यावर ते जमत नाही. मर्यादा न घातलेला टी म्हणजे ऑब्जेक्ट. ऑब्जेक्टला जे येतं तेवढंच त्याला येतं: ईक्वल्स, हॅशकोड, टूस्ट्रिंग आणि अशीच आणखी दोन-चार कामं. तुलना त्यात नाही.

मग टी वर मर्यादा घातली, म्हणजे टी च्या जागी कोण येऊ शकतो याची अट:

स्टॅटिक <टी एक्स्टेंड्स कंपेरेबल<टी>> टी सर्वोच्च(लिस्ट<टी> यादी)

शिकणाऱ्यांचा इथे हटकून एक गोंधळ होतो. कंपेरेबल हा इंटरफेस आहे, म्हणजे कोणत्या मेथड हव्यात याची नुसती यादी. क्लास इंटरफेस घेतो तेव्हा इम्प्लिमेंट्स लिहितात, मग इथे का नाही? टाइप पॅरामीटरच्या, म्हणजे टी सारख्या मोकळ्या नावाच्या, मर्यादेत क्लास असो वा इंटरफेस, जावा एकच शब्द वापरते: एक्स्टेंड्स. सी-शार्प या दुसऱ्या भाषेत हीच अट ‘व्हेअर’ लिहून मेथडच्या शेवटी टांगतात. वाचायला ते बरं वाटतं, असं माझं मत. पण ते असो.

मर्यादेचं नाव ऐकून ती फक्त अडवणूक वाटते. आमच्या नव्या मुलीलाही तसंच वाटलं. म्हणून तिला दोन्ही बाजू दाखवल्या. दाराबाहेर उभ्या असलेल्याला अट आहे: तुलना येत नसेल तर आत येऊ नको. त्याच अटीमुळे दाराच्या आत कंपेअरटू वापरायची मुभा मिळते. कास्ट नाही, अंदाज नाही. एकाला घातलेली अट दुसऱ्याच्या हातात हत्यार होते.

मग लॉटवरची तुलना काढून टाकली. हळदलॉट इम्प्लिमेंट्स कंपेरेबल<हळदलॉट>, बेदाणालॉट इम्प्लिमेंट्स कंपेरेबल<बेदाणालॉट>. लॉट स्वतः कशाशीच तुलनीय नाही. आता एकत्र केलेली लिस्ट<लॉट> दिली की प्रोग्रॅम कंपाइलच होत नाही. शेठना तिसऱ्या दिवशी जे दिसलं ते कंपायलरला आता ऑफिसातच दिसतं.

राजापुरी आणि तारीख

दोन दिवस शांततेत गेले. मग राजापुरीची वेगळी यादी दिली आणि पुन्हा नकार.

राजापुरी आणि सेलम या हळदीच्या जाती. जुन्या प्रोग्रॅममध्ये प्रत्येक जातीला हळदलॉटखाली स्वतंत्र क्लास आहे. खरं तर ‘जात’ नावाची एक फील्ड पुरली असती. पण वारसा म्हणून आलंय, ते वापरतोय. आता राजापुरीलॉट हा हळदलॉटचा वारस असल्यामुळे त्याला कंपेरेबल<हळदलॉट> वारशात मिळालं. आमची अट मात्र म्हणते: टी जर राजापुरीलॉट असेल तर तो नेमका कंपेरेबल<राजापुरीलॉट> पाहिजे. म्हणजे ज्याला कुठल्याही हळदीशी तुलना येते, त्याला राजापुरीशी तुलना येत नाही म्हणून आम्ही दारातून परत पाठवत होतो. ही अट फाजील कडक होती.

त्याच संध्याकाळी पट्टीच्या स्क्रीनवर तोच एरर आला, आणि तिथे लॉटचा संबंधही नव्हता. शेतकऱ्याला पैसे दिल्याच्या तारखांपैकी शेवटची काढायला कुणीतरी आमचीच ‘सर्वोच्च’ वापरली होती. तारखांचा प्रकार लोकलडेट. तारखा एकमेकींशी ताडता येतात हे उघड आहे, तरी कंपायलर नाही म्हणतो. मुलगी वैतागली. मी लोकलडेटची व्याख्या उघडून दाखवली. जावा 8 बरोबर 2014 मध्ये आलेला हा क्लास स्वतः कंपेरेबल<लोकलडेट> नाहीच. तो क्रोनोलोकलडेट नावाच्या इंटरफेसचा आहे आणि तो इंटरफेस आहे कंपेरेबल<क्रोनोलोकलडेट>. वेगवेगळ्या दिनदर्शिकांच्या तारखा एकमेकींशी ताडता याव्यात म्हणून तुलना वरच्या पायरीवर ठेवलेली. राजापुरीचंच दुखणं, फक्त जावाच्या स्वतःच्या घरातलं.

औषध एकच:

<टी एक्स्टेंड्स कंपेरेबल<? सुपर टी>>

टी ला स्वतःशी किंवा आपल्या एखाद्या पूर्वजाशी तुलना येत असली तरी चालेल. राजापुरी आत आली, तारीखही आत आली. मिश्र लिस्ट<लॉट> अजून बाहेरच, कारण लॉटला आणि त्याच्या वरच्या कुणालाच तुलना येत नाही. माझा नियम तेव्हापासून असा झाला की कंपेरेबलची मर्यादा लिहायची तर ‘? सुपर’ शिवाय लिहायचीच नाही. उगाच कुणाची वाट अडवायला नको.

रद्द सौदे

“सर, हे सगळं जावाच्या कलेक्शन्स.मॅक्समध्ये आयतं आहे की,” मुलगी म्हणाली. बरोबर होतं तिचं. तारखांसाठी आम्ही तेच वापरायला घेतलं. तिनं त्याची सही, म्हणजे मेथडची पहिली घोषणेची ओळ, उघडली आणि तिथे आणखी एक कोडं निघालं:

<टी एक्स्टेंड्स ऑब्जेक्ट & कंपेरेबल<? सुपर टी>>

सगळंच ऑब्जेक्ट असतं, मग ते वेगळं लिहायचं कशाला? याचं उत्तर इतिहासात आहे. जावात जेनेरिक्स आली 2004 मध्ये, जावा 5 बरोबर. त्यांचं मूळ 1998 च्या जीजे या रचनेत. ती ब्राचा, ओडर्स्की, स्टाउटामायर आणि वॅडलर या चौघांची. जुना कंपाइल झालेला कोड न मोडता नवं आणायचं, म्हणून टाइप पॅरामीटर फक्त कंपायलरपुरते ठेवले. बाइटकोड, म्हणजे कंपायलरने बनवलेला चालणारा कोड, तयार होताना टी पुसला जातो आणि त्याच्या जागी पहिली मर्यादा बसते. 2004 च्या आधीची मॅक्स ऑब्जेक्ट परत करायची. नव्या सहीत पहिली मर्यादा कंपेरेबल असती तर पुसल्यावर परतीचा प्रकार कंपेरेबल झाला असता, आणि जुन्या बाइटकोडला ऑब्जेक्ट देणारी मॅक्स सापडलीच नसती. म्हणून ऑब्जेक्ट पुढे उभा केला. कंपायलरला त्याचा काडीचा उपयोग नाही; तो आहे जुन्या गिऱ्हाइकांसाठी.

लॉटसाठी मात्र आयतं चालणार नव्हतं. बोली लागते, दर पुकारला जातो, आणि शेतकरी म्हणतो, “या दरात न्हाई द्यायचा.” सौदा रद्द. प्रोग्रॅममध्ये तो दर नोंदलेला राहतो, पण चिठ्ठीवर येता कामा नये. म्हणजे ‘सर्वोच्च’ला दोन गोष्टी पाहिजेत: रद्द आहे का हे विचारता आलं पाहिजे, ते लॉटकडे आहे, आणि तुलना आली पाहिजे, ती कंपेरेबलकडे आहे. अशा वेळी दोन मर्यादा जोडतात:

<टी एक्स्टेंड्स लॉट & कंपेरेबल<? सुपर टी>> टी सर्वोच्च(लिस्ट<टी> यादी)

क्लास एकच आणि तो पहिला, इंटरफेस मागाहून कितीही. उलट लिहिलं तर कंपाइल होत नाही. अट वाढली तशी आत क्षमता वाढली आणि दारातलं गिऱ्हाईक कमी झालं: तारखांना आता इथे जागा नाही. ही देवाणघेवाण डोळे उघडे ठेवून करावी लागते. मुलीचा पहिला कल होता की सगळ्या मेथडना हीच लांबलचक सही देऊन टाकावी. तिला थांबवलं. नुसती पोती मोजणाऱ्या मेथडला कंपेरेबल कशाला हवा?

पोती मोजण्यावरूनच पुढची अडचण आली. ‘एकूणपोती(लिस्ट<लॉट> यादी)’ला लिस्ट<हळदलॉट> चालेना. हळदलॉट लॉट असला तरी हळदीची यादी लॉटची यादी होत नाही. झाली असती, तर त्या मेथडला यादीत बेदाणा टाकायची परवानगी मिळाली असती, कारण बेदाणाही लॉटच. ॲरे, म्हणजे ठरावीक लांबीची यादी, तिच्या बाबतीत जावा ही सूट देते आणि मग चालत्या प्रोग्रॅममध्ये ॲरेस्टोअरएक्सेप्शन खाते. यादीसाठी लिहायचं लिस्ट<? एक्स्टेंड्स लॉट>: वाचा, मोजा, पण त्यात भर घालू नका. टी ला नाव द्यायची गरज इथे नव्हतीच, कारण तो प्रकार परत द्यायचा नव्हता. ‘सर्वोच्च’मध्ये होती, राजापुरी दिली तर राजापुरीच हातात परत आली पाहिजे.

पुसलेला टी उलटतो

हे सगळं झाल्यावर आठवड्याने पुन्हा क्लासकास्टएक्सेप्शन. या वेळी मात्र मी स्वतःच चक्रावलो. स्टॅक ट्रेसमध्ये, म्हणजे एरर कुठून आला ते सांगणाऱ्या यादीत, जी ओळ दाखवली होती ती ‘क्लास हळदलॉट’ ही व्याख्येची पहिली ओळ. तिच्यावर कास्ट नाही, आकडेमोड नाही, काहीच नाही.

झालं असं होतं. पेढीचा एक जुना कॉम्प्युटर गावभागातल्या घरी होता, तो 2019 च्या महापुरात गेला. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी 45 फूट. त्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. डेटा वाचला तो पेन ड्राइव्हवरच्या एका प्रतीमुळे, आणि ती जुनी फाईल वाचणारा कोड अजून 1.4 च्या वळणाचा. तो परत करतो नुसती लिस्ट, आत काय ते न सांगता. आम्ही ती लिस्ट<हळदलॉट> म्हणून स्वीकारली. कंपायलरने ‘अनचेक्ड’, म्हणजे प्रकार तपासलेला नाही, असा इशारा दिला होता. पिवळ्या रंगाचा इशारा, शंभर पिवळ्या इशाऱ्यांमध्ये. त्या फाईलमध्ये कुणीतरी कधीतरी एक बेदाण्याचा लॉट हळदीच्या स्क्रीनवरून नोंदला होता.

टी पुसलेला असल्यामुळे चालत्या यादीला आपण कुणाच्या आहोत याचा पत्ता नसतो. बेदाणा बिनबोभाट आत बसला. तुलना करायची वेळ आली तेव्हा फुटलं, आणि तेही कंपायलरने गुपचूप तयार केलेल्या मेथडमध्ये. कंपेरेबल<हळदलॉट> लिहिलं तरी पुसल्यावर जगाला कंपेअरटू(ऑब्जेक्ट)च दिसतं; म्हणून कंपायलर एक पुलासारखी मेथड टाकतो, जी ऑब्जेक्ट घेते, हळदलॉटमध्ये कास्ट करते आणि आपण लिहिलेल्या मेथडकडे पाठवते. तिची स्वतःची ओळ नसते, म्हणून ट्रेसमध्ये क्लासची पहिली ओळ येते. पहिल्या संध्याकाळी जो कास्ट हाताने लिहिलेला होता, तोच आता कंपायलरच्या हातचा.

दुरुस्ती फाईल वाचण्याच्या दारातच केली:

<टी एक्स्टेंड्स लॉट> लिस्ट<टी> वाच(क्लास<टी> प्रकार)

टी पुसला जातो, पण ‘प्रकार’ ही खरी वस्तू आहे, ती राहते. प्रत्येक लॉट प्रकार.कास्ट मधून गाळून घेतला. चुकीची नोंद आता वाचतानाच पकडली जाते, लॉट नंबरासकट. तो बेदाणा दिवाणजींना दाखवला. त्यांनी चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाले, “अक्षर माझंच आहे.” कीबोर्डवर टाइप केलेल्या नोंदीत त्यांना अक्षर कुठून दिसलं, देव जाणे.

चिठ्ठी

मूळ मागणी तेवढी राहिली होती: एकाच चिठ्ठीवर उच्चांकी सौदा. त्यासाठी मार्ग होता. लॉटवर ‘दरक्विंटलला’ नावाची मेथड, तिच्यावर बेतलेला कंपेरेटर, म्हणजे तुलना कशी करायची ते सांगणारी वेगळी वस्तू, आणि तो उघडपणे हातात घेणारी दुसरी ‘सर्वोच्च’, जी कंपेरेटर<? सुपर टी> घेते. तुलना कोणत्या मापाने झाली हे मग हाक मारणाऱ्या ओळीवरच दिसतं. मुलीनं ते अर्ध्या दिवसात लिहिलं, तपासलं, आणि आम्ही दोघं पेढीवर दाखवायला गेलो.

शेठनी छापलेली चिठ्ठी हातात घेतली. बेदाणा, 21,000.

“हे 21,000 कुठनं आलं?”

“क्विंटलला, शेठ. हळदीशी ताडायला एकाच मापात आणलं.”

“बेदाण्याचा दर क्विंटलला कोण विचारतंय वो सर? शेतकरी म्हणंल, ह्यांचं डोकं फिरलंय.” त्यांनी चिठ्ठी उलटी करून मागच्या बाजूला पेनाने दोन ओळी लिहिल्या. वरती हळद, क्विंटलचा दर. खाली बेदाणा, किलोचा दर. “असं द्या.”

आता ‘सर्वोच्च’ला दोनदा हाक मारली जाते, एकदा लिस्ट<हळदलॉट>वर, एकदा लिस्ट<बेदाणालॉट>वर, आणि कागदावर दोन ओळी उमटतात. कंपेरेटरवाली मेथड कुणी वापरत नाही, पण मुलगी ती काढू देत नाही.